शेजारच्या सीटचा पट्टा

सगळ्यांच्या तोंडी तो धाकटाच होता. थोरला जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायचं कुणाला सुचलं नाही. पन्नाशीला टेकलेला, दोन्ही गुडघे कुरकुरणारा हा धाकटा त्या दुपारी वहिनीला घेऊन गाडी बघायला निघाला, तेव्हा उत्तर त्याने मनात आधीच ठरवलेलं होतं. गाडी घ्यायची नाही. फक्त ते वहिनीच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

काम डोंगरातलं होतं. वरच्या झऱ्यापासून खालच्या टाकीपर्यंत आठ किलोमीटर पाइपलाइन, तिच्यावर अकरा व्हॉल्व्ह आणि प्रत्येकापाशी पाला अडवणारी जाळी. दोघा भावांनी वीस वर्षं ते ठेक्याने सांभाळलं. पाणी खात्याचा नियम पक्का, वर जायचं ते दोघांनी. दादा गेल्यावर जुनी गाडी मोडीत घातली, आणि धाकटा मिळेल त्या सोबत्याला घेऊन महिन्यातून एकदा पायी जाऊन यायचा. आता खात्याने फेरी दर आठवड्याला केली, आणि पायी ते होण्यासारखं नव्हतं. गाडी घ्यायची, नाहीतर ठेका सोडायचा. सोबत कोण, हा प्रश्न वहिनीने स्वतःच निकालात काढला होता. मीटर वाचायला खात्याची जीप घेऊन ती गल्लोगल्ली फिरायची, धुळीचं तिला वावडं नव्हतं.

"मी येते," ती म्हणाली होती. "त्यांची जागा रिकामीच आहे ना."

ते ऐकल्यापासून धाकट्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

शोरूम म्हणजे गावाबाहेरची पत्र्याची शेड. वर्षापूर्वी इथे पाण्याचे पंप विकायचे, भिंतीवर त्यांचं कॅलेंडर अजून लटकत होतं. मधोमध गाडी उभी होती. हिरवी, जाड टायरांची, वर लोखंडी पिंजरा, आत शेजारी-शेजारी दोन सीट. परदेशातून जहाजाने आलेली आणि नावाजलेल्या कंपनीच्या गाडीपेक्षा निम्म्या किमतीची.

"छप्पर फुकट, पुढची काच फुकट, चिखलातून ओढून काढायचं विंचही फुकट," विक्रेता म्हणाला. "दुसरीकडे साधा आरसा मागितलात तरी वेगळे पैसे घेतात, साहेब."

धाकटा वाकून खालून बघू लागला. दोष काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पिंजऱ्याच्या जोडावर रंग होता, पण रंगाखाली वेल्डिंग ओबडधोबड होतं. प्लास्टिक पातळ. मागच्या एक्सलचं रबर आत्ताच चुरगळलेलं.

"सुटे भाग?"

"येतात ना. तीन महिन्यांत."

"म्हणजे तीन महिने ही बसणार आणि आम्ही चालणार," धाकटा वहिनीकडे बघत म्हणाला. पण वहिनी माहितीपुस्तिका वाचण्यात गुंग होती. कुठल्यातरी यंत्राने केलेलं ते भाषांतर होतं.

"बसणाऱ्याने बसण्याआधी नीट बसावे," तिने मोठ्याने वाचलं, आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. धाकट्यालाही हसू आलं, आणि लगेच अपराध्यासारखं वाटलं.

शेडमागे मातीचा मोठा ढिगारा रचला होता, गिऱ्हाइकाने चालवून बघण्यासाठी. धाकटा एकटाच बसला, पट्टा लावला आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि त्याबरोबर टिंग, टिंग, टिंग असा बझरही. शेजारची सीट रिकामी होती, तरी गाडी सांगत होती की तिथे कुणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही.

तरी धाकट्याने गाडी ढिगाऱ्यावर आडवी घातली. डावी बाजू उंच, उजवी खाली. चाकाखालची माती सुटली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण वाट बघतोय. डावीकडचं वजन सरकायची वाट. अशा आडव्या चढावर दादा डोंगराच्या बाजूला अर्धा बाहेर झुकायचा, आणि गाडी लगेच जमीन धरायची. "झुक" म्हणायचीही गरज पडायची नाही. वीस वर्षांत एकमेकांचं वजन त्यांना पाठ झालं होतं. आता डावीकडून कुणीच झुकलं नाही. बझर तेवढा वाजत राहिला. धाकट्याने मान वळवून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथे दादा दिसला असता, याची त्याला खात्री होती.

घरातही हा आवाज त्याचा पिच्छा सोडत नसे. मागे घेताना वाजणारी गाडी, शेजाऱ्यांचं घड्याळ, कशातूनही तो निघायचा. पण खरी धडकी त्याला आवाजाची नव्हती. आवाज थांबला की भरायची.

तो गाडी परत शेडमध्ये घेऊन आला तेव्हा विक्रेता ओशाळला होता. "नव्या गाडीचा सेन्सर जरा नाजूक असतो. दोन मिनिटं." त्याने आत वाकून शेजारच्या सीटचा पट्टा ओढला, सीटच्या पाठीमागून फिरवला आणि खटक्यात अडकवला. कट्. बझर बंद झाला. "बघा. सगळे असंच करतात."

वहिनीने पुस्तिका मिटली आणि जवळ आली. रिकाम्या सीटच्या मागे ताठ बसलेला तो पट्टा तिने बोटाने चाचपला.

"असा मागून लावला की गाडीला कळत नाही?"

"गाडीला काय कळतंय, ताई. खटका बसला की ती खूश."

"आणि बघणाऱ्याला वाटणार पट्टा लावलेला आहे."

विक्रेता चहा सांगायला बाहेर गेला.

"भाऊजी," वहिनी पट्ट्याकडेच बघत म्हणाली, "पंचनाम्यात लिहिलं होतं, पट्टा लावलेला सापडला. माणूस दरीत आणि पट्टा जागेवर. सैल पट्ट्यातून निसटले असावेत, असं पोलीस म्हणाले."

"हो."

"त्या वर्षी साखर वाढली म्हणून मी त्यांचं जेवण तोडलं होतं. चौदा किलो उतरले. त्यांचे सगळे शर्ट मी आत घेतले. पट्टा आत घ्यायचा राहिला." तिचा आवाज चढला नाही. "तीन वर्षं मी रोज तेवढाच विचार करते. दोन घास जास्त वाढले असते तर अडकले असते."

धाकट्याने गाडीचा पिंजरा धरला. तिला दादाची आठवण छळते हे त्याला ठाऊक होतं. पण ती स्वतःला दोषी धरत असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपण गप्प राहिलो तर फक्त आपलाच जीव कुरतडला जाईल, असा त्याचा हिशोब होता, आणि तो साफ चुकला होता.

"दादा निसटला नाही, वहिनी," तो म्हणाला. "दादाने पट्टा लावलाच नव्हता. मीच असा मागून अडकवला होता. पट्टा बांधला की त्याला झुकता येईना, सोडला की बझर थांबेना. मीच म्हणालो, आता झुक." थांबलो तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे त्याला कळत होतं. "ती बझरवाली गाडी आल्यापासून दोन वर्षं तसंच करत होतो. जाताना डोंगर त्याच्या बाजूला असायचा, काही बिघडायचं नाही. येताना दरी त्याच्या बाजूला. येताना पट्टा नीट लावायला हवा होता. कंटाळा केला. गाडी एकदा उलटली आणि परत चाकांवर उभी राहिली. मी बांधलेला होतो."

वहिनीने रडावं, शिव्या द्याव्यात, निदान हात उगारावा, असं धाकट्याला वाटत होतं. तिने यातलं काहीच केलं नाही.

"दोन वर्षं ते आणि तीन वर्षं हे," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या हातचं जेवत होता, भाऊजी. माझ्यासमोर बसून."

"हो."

"मी एकेक घास मोजत होते."

"हे मला माहीत नव्हतं."

"विचारलं नाहीत."

तिने खटका दाबून मागचा पट्टा सोडला. टिंग, टिंग, टिंग. चहा घेऊन आलेला विक्रेता लगबगीने पुढे झाला.

"वाजू दे," वहिनी म्हणाली. "तो सेन्सर बरोबर सांगतोय. त्याला हात लावायचा नाही. मागचं रबर मात्र बदलून द्यायचं, आणि जोडांवर पुन्हा वेल्डिंग करून द्यायचं, माझ्यासमोर."

"म्हणजे घेताय, ताई?"

उत्तर न देता ती गाडीला वळसा घालून चालकाच्या सीटवर बसली. पट्टा लावला, आरसा फिरवून घेतला.

"यापुढे वर जाताना मी चालवणार. तुम्ही तिकडे बसा."

धाकटा दादाच्या जागी बसला. सीट थंड होती. पट्टा छातीवरून ओढून त्याने खटका हातात धरला, पण तो बसवेना. आवाज थांबेल आणि मग काय उरेल, याचं त्याला भय वाटत होतं. वहिनी स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत थांबली होती.

"लावा," ती म्हणाली.

त्याने लावला. बझर बंद झाला. वहिनीने हात लांब करून पट्टा आणि त्याची छाती यांच्यामध्ये चार बोटं घालून बघितली, शर्टाचं माप घेताना बघतात तशी.

"सैल आहे," ती म्हणाली, आणि ओढून घट्ट केला.