बापूसाहेबांचा टॉवेल

दिपालीनं कायमची नोकरी सोडली ती एका मोरावरून.

अक्कलकोट रोडवरच्या गुरुबसप्पांच्या टॉवेल कारखान्यात ती नऊ वर्षं डिझाइन करत होती. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, कुठं कोणत्या रंगाचं सूत वर येईल ते ठरवायचं, मग माग तसं विणायचा. पगार वेळेवर, दिवाळीला बोनस, पीएफ वेगळा. तो मोर तिनं फार मन लावून काढला होता. इंदूरचा एक व्यापारी आला, चहाचा घोट घेऊन म्हणाला, पिसारा एकच कशाला, दोन्ही बाजूंनी टाका, माल भरल्यासारखा दिसतो. गुरुबसप्पांनी मांडीवर थाप मारून त्याच्या नजरेचं कौतुक केलं आणि दिपालीला दुसरा पिसारा लावायला सांगितलं. तयार झालेलं जनावर दोन सुपांमध्ये अडकलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं. व्यापारी खूश झाला.

दिपालीला गुरुबसप्पांची किळस आली, आणि ती काही पहिल्यांदा नाही. या माणसाला पाठीचा कणा म्हणून नाही असं तिचं कधीपासूनचं मत होतं. गिऱ्हाइकाला भडक जांभळा आवडला की यांनाही लहानपणापासून जांभळाच आवडायचा. माल बिघडला की दोष मशीनचा, हवेचा, सुताचा. गिऱ्हाइकाच्या अकलेचा कधीच नाही. स्वतःचं काम करायचं, हलकं करायचं नाही, कुणापुढं वाकायचं नाही, असं ठरवून तिनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

गुरुबसप्पांनी तो वाचला, घडी घातली. रागावले नाहीत.

"बाहेर गिऱ्हाईक सरळ तुझ्या तोंडावर बोलतंय बघ," ते म्हणाले. "हितं मधी मी हाय की."

मालक लोकांची ही भीती घालायची जुनी रीत, असं मनाशी म्हणून तिनं नमस्कार केला आणि निघाली.

घरी शिल्लक होती ती जेमतेम दिवाळी गाठेल एवढी. नवरा शहाजी शाळेची व्हॅन चालवायचा. तो म्हणाला, तुला झेपत असेल तर कर. त्याचं मत नेहमी असंच, कुठल्याही बाजूला न सांडणारं. सासू मायाक्का मात्र पाण्याच्या दिवशी हंडे भरता भरता थांबली. माळशिरसकडच्या मेंढपाळाची लेक. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं.

"म्हंजी आता रोज नवा मालक हुडकायचा," ती म्हणाली.

"मालक नाही आत्या, गिऱ्हाईक. मी कुणाची चाकरी करणार नाही."

"आमी बी न्हवतो करत. रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात जुंधळा घ्यायचा. रोज येगळं रान, येगळा शेतकरी. पर परत्येकाच्या बांधावर आदी हसावं लागायचं."

दिपाली नुसती हसली. कॉम्प्युटरवरच्या कामाची मेंढरांशी तुलना करणाऱ्या बाईला काय समजवायचं?

पुढचे महिने तिनं सोलापूरचे कारखाने पालथे घातले. कारखान्यात असताना जे लोक तिला म्हणायचे, ताई, तुम्ही बाहेर पडा, कामाला तोटा नाही, ते आता फोन उचलेनात. एकानं उचलला आणि पुतण्याच्या लग्नातल्या नॅपकिनांवर नवरानवरीची नावं फुकट काढून मागितली, ओळख होईल म्हणून. दुसऱ्यानं तीन नमुने ठेवून घेतले, नापसंत म्हणून परत पाठवले आणि महिन्याभरात बाजारात तेच टॉवेल आणले. दिपाली प्रत्येकाला मनात नेमकं नाव ठेवत गेली. नावं ठेवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण नावं ठेवून डबा भरत नाही, आणि दसऱ्यालाच शिल्लक तळाला गेली.

तेव्हा बापूसाहेब आले.

जिल्हा परिषदेची निवडणूक आज लागते की उद्या, अशी हवा होती. बापूसाहेबांना उभं राहायचं होतं. त्याआधी त्यांचा वाढदिवस, आणि गावोगावच्या लोकांना त्यांचाच चेहरा विणलेला टॉवेल वाटायचा अशी कल्पना त्यांना स्वतःला सुचली होती. शहाजीच्या ओळखीनं दिपालीला बोलावणं आलं. ऑफिसात चारी भिंतींवर बापूसाहेब होते: हात जोडलेले, हात उंचावलेले, एका फोटोत वासराला पाला भरवणारे. खुर्चीतले बापूसाहेब या सगळ्यांपेक्षा बरेच रुंद होते. आपल्या तोंडानं लोक नाक पुसणार, हे या माणसाला कुणीच कसं सांगितलं नाही, याचं दिपालीला नवल वाटलं. तिनंही सांगितलं नाही. त्यांनी दिलेला फोटो त्यांच्या लग्नाच्या सुमाराचा होता, म्हणून तिनं समोर बसलेल्या बापूसाहेबांचा मोबाइलवर नवा काढून घेतला.

काम मोठं होतं. विसार मिळाला तो सुतात गेला, उरलेलं सूत शहाजीच्या शब्दावर उधार. आणि इतक्या घाईत मोकळे माग होते फक्त गुरुबसप्पांकडे.

ती गेली तेव्हा टोमणे ऐकायची तयारी करून गेली होती. गुरुबसप्पांनी चहा मागवला, मागाचं भाडं सांगितलं, ते रास्त होतं. पडद्यावरचा चेहरा त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

"खरं हाय," ते म्हणाले.

"म्हणजे चांगलं आहे ना, अण्णा?"

"खरं हाय म्हणालो मी."

दिपालीनं खांदे उडवले. चेहरा तिनं जीव लावून केला होता. डोळ्यांखालच्या पिशव्या, हनुवटीखालची दुसरी हनुवटी, कानावरचा केसांचा झुबका, सगळं मोजक्या रंगांत बरोबर उतरलं होतं. दोन पिसाऱ्यांचे मोर काढणाऱ्यांच्या गावात असं काम कुणी केलं नव्हतं, याची तिला खात्री होती.

नमुना घेऊन ती ऑफिसात गेली. कार्यकर्ते गोळा झाले होते. तिनं टॉवेल टेबलावर पसरला. कार्यकर्ते टॉवेलाकडं पाहत, मग बापूसाहेबांकडं, मग घाईनं छताकडं. मागून कुणीतरी खोकल्यात हसू दाबलं.

बापूसाहेबांनी विणलेल्या दुसऱ्या हनुवटीवर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

दिपालीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते तुमच्याच गळ्याखाली आहे, हात लावून बघा. पण त्याच वेळी तिला सुताची उधारी आठवली, शहाजीनं दिलेला शब्द आठवला, आणि तिच्या लक्षात आलं की तिच्या नि या माणसाच्या मध्ये आता कुणीही बसलेलं नाही.

"पहिल्या नमुन्यात मशीन चेहरा जरा फुगवतं, साहेब," ती म्हणाली. "तुमची मूळ ठेवण पुढच्यात येईल. तो जुना फोटो द्या. त्यात नजर फार छान आहे."

शब्द तिचे नव्हते, आवाजसुद्धा तिचा नव्हता. बापूसाहेबांचा चेहरा उजळला. मला वाटलंच मशीनचा घोळ असणार, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनाही तसंच वाटत होतं असं निघालं.

रिक्षात बसल्यावर दिपालीला आठवलं, ते शब्द गुरुबसप्पांचे होते. नऊ वर्षं जो माणूस तिच्या लेखी लाळघोट्या होता, तो रोज सकाळी तिच्या वाटणीचं हे बोलून टाकत होता, म्हणून तिला मान ताठ ठेवून नुसत्या नक्ष्या काढता आल्या होत्या. हे कळलं म्हणून गुरुबसप्पा तिला थोर वाटायला लागले असं नाही. फक्त तिरस्काराला आता आणखी एक माणूस मिळाला, आणि तो रिक्षातच बसला होता.

तिनं बापूसाहेबांना बारीक केलं, उजळ केलं, तरुण केलं. माल वेळेवर गेला. मंद्रूपजवळच्या मंगल कार्यालयात वाढदिवसाचं जेवण होतं. तिला मानानं बोलावून तिच्याच गळ्यात तो टॉवेल घातला. पंगतीत लोकांनी रस्सा ओरपला आणि बोटं बापूसाहेबांच्या गालांना पुसली. एक म्हातारा तर त्यांच्या कपाळानं चपला झटकत होता. बापूसाहेब पंगतीतून फिरत होते, जिकडं तिकडं आपण दिसतो म्हणून तृप्त. दिपालीनं पोटभर जेवण केलं. कित्येक महिन्यांत तिला अन्न इतकं गोड लागलं नव्हतं.

पैसे दोनदा मागितल्यावर आले. सुताची उधारी फिटली. घरी मायाक्कानं विचारलं, जमलं का?

"हसावं लागलं, आत्या."

मायाक्कानं मान हलवली. सांगितलं होतं असं काही ती म्हणाली नाही. "पयल्यांदा लई जड जातंय," एवढंच म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "पर एक हाय. रान सोडताना कुनी जुंधळा कमी घातला तर दुसऱ्या वर्षी त्याच्या बांधावर आमी पाय ठेवत न्हवतो. तेवढं आमच्या हातात."

आठवडाभरातच बार्शीकडून फोन आला. वैरागचे एक इच्छुक. बापूसाहेबांचा टॉवेल त्यांनी पाहिला होता, त्याहून मोठा हवा होता. फोटो मोबाइलवर आला. गृहस्थ पार टकले. खाली निरोप होता की डिझाइनमध्ये केस असावेत, भरगच्च, पण बघणाऱ्याला सहज वाटले पाहिजेत.

दिपालीनं फोन लावला. गोड आवाज आपोआप ओठांवर आला. तो तिनं तसाच येऊ दिला, पण बोलायचं ते बोलली.

"होईल की, साहेब. फक्त केसांचे पैसे वेगळे पडतील."

गेलं गिऱ्हाईक, असं तिला वाटलं. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही.

मग पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"नुसते केस," वैरागकरांनी हळू आवाजात विचारलं, "का भांग पाडून?"

"भांगाचे त्यातच धरते," दिपाली म्हणाली, आणि कॉम्प्युटर सुरू करून तिनं त्या गुळगुळीत डोक्यावर केस पेरायला घेतले.