सातव्या मजल्याच्या पाट्या

मित्रांनो, मी पितळेवर नावं कोरणारी एक जुनी कोरणी आहे. पोलादाची, लाकडी मुठीची. म्हातारी झाले म्हणून गोड बोलेन अशी आशा मात्र ठेवू नका. सध्या मी फार चिडले आहे.

वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी इमारतीच्या तळघरात माझं टेबल आहे. देशभरच्या घरकर्जांमागे ज्या बड्या कंपन्या उभ्या असतात, त्यांना वेसण घालणं हे या कार्यालयाचं काम. सातव्या मजल्यावर त्याचे संचालक बसतात. कायद्याने त्यांची मुदत पाच वर्षांची, पण राष्ट्राध्यक्षांची मर्जी फिरली की एका फोनवर खुर्ची रिकामी होते. मग सिनेटची मान्यता मिळून नवा माणूस येईपर्यंत कुणीतरी 'कार्यवाहक' म्हणून तिथे बसतो. दारावरची पाटी मी कोरते.

ओडेल वेदरस्पून हा माझा कारागीर. माझी मूठ त्यानेच तासली. फार पूर्वी एक संचालक आपली पाटी बघायला मुद्दाम तळघरात उतरले होते आणि "सुरेख" म्हणून त्यांनी ओडेलचा हात हातात घेतला होता. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला! पुढे नऊ वर्षांत सात पाट्या झाल्या. ओडेल इतका वैतागला, की 'कार्यवाहक' ही पट्टी त्याने वेगळीच करून ठेवली. वरचं नाव बदलतं, पट्टी तीच राहते.

गेल्या वसंतात इंडियानाहून विल्मा हॅचर नावाच्या बाई सुनावणीला आल्या. त्यांचं घर चाकांवरचं, पण चाकं नावालाच. बावीस वर्षं एका जागी उभं, आणि खालची जमीन दुसऱ्याची. ती जमीन एका कंपनीने याच बड्या कंपन्यांच्या पाठबळाचं कर्ज काढून घेतली आणि भाडं वाढवत नेलं. अशा कर्जावर जमीन घेणाऱ्याने रहिवाशांना कारणाशिवाय हुसकावू नये, असा नियम आमच्या कार्यालयात नियमांचे मसुदे लिहिणाऱ्या यवॉन टटलने खपून तयार केला होता. हवी होती फक्त संचालकांची सही.

त्या नियमावरच्या सुनावणीत बोलणाऱ्यांच्या पुढ्यातही पाटी ठेवतात. विल्माबाईंची मी कोरली, म्हणून त्या पर्सिमॉनच्या फळाचं पुडिंग घेऊन तळघरात आल्या.

"हॅचरबाई, आम्हाला भेटवस्तू घेता येत नाही," यवॉन म्हणाली.

"अगं, पुडिंग आहे ते! दोन घास खाल्लेस तर सरकार पडणार आहे का?"

"वीस डॉलरच्या आतलं चालतं," ओडेल म्हणाला. "किंमत मी ठरवतो. आधी चव बघू द्या."

हसणं ओसरल्यावर विल्माबाईंनी विचारलं, "वृद्धांच्या वसाहतीत माझा नंबर लागलाय. सोमवारपर्यंत कळवायचंय. घर सोडू, की थांबू?"

"थांबा," यवॉन म्हणाली. "फाइल वर गेलीय. या महिन्यात सही होतेच."

बाईंनी नंबर सोडून दिला.

वर तेव्हा प्रेस्टन गिल हे कार्यवाहक होते. "आधी सिनेटमध्ये माझं नाव मंजूर होऊ दे," ते म्हणाले. "आत्ता सही केली तर चार सिनेटर फुगून बसतील." फाइल सात महिने खणात पडली. मतदानाआधीच या गृहस्थांनी पट्टीशिवायची नवी पाटी मात्र कोरून घेतली! मग राष्ट्राध्यक्षांनी त्यांचं नावच मागे घेतलं आणि खुर्ची दिली प्रचारासाठी देणग्या गोळा करणाऱ्या एका मित्राला. इथे पुडिंगचा घास घेताना नियम आठवतो, आणि अख्खं कार्यालय भेट देताना कुणाला काही आठवत नाही. माझा संताप होतो तो याचा.

नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्या जुन्या फायली पहिल्यापासून तपासायला परत पाठवल्या.

परवा यवॉन ओडेलजवळ डबा खात बसली होती, तेव्हा विल्माबाईंचा फोन आला. "दारावर नोटीस लावलीय गं. तीस दिवस. घर हलवलं तर मोडेल म्हणतात. आणि त्या वसाहतीत आता तीन वर्षं जागा नाही."

"चूक माझी झाली," यवॉन म्हणाली. तिने डबा बाजूला सारला.

"तुझी कसली? तुला वाटलं तेच तू सांगितलंस. मला फक्त एवढं सांग, सही करायचं काम होतं कुणाचं? एक पत्र लिहीन म्हणते त्याला. नाव काय त्याचं?"

यवॉनने ओडेलकडे पाहिलं. ओडेलने कपाटातल्या काढून ठेवलेल्या पाट्यांकडे पाहिलं. ती सगळी नावं मी कोरली होती, पण ती माणसं खुर्ची सोडून कधीच गेली होती, आणि बाईंना द्यायला त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल घाला, जपा. मला काही घालू नका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, माणसं नेमाल. तेव्हा दुसऱ्याच्या घराची काळजी असलेलं एक माणूस त्या दारामागे बसवा आणि त्याला पाच वर्षं तिथून हलवू नका. तोवर मी गंजले तरी चालेल.