बाळंतिणीची शेगडी

सगुणाबाईच्या हातची आंघोळ म्हणजे द्वारका चौकामागच्या आळीत बाळंतिणींचा हक्कच होता. पाणी कसं, तर अंगावर पडताच बाईनं "अगं आई गं!" म्हणून ओरडलं पाहिजे. त्याशिवाय सगुणाबाईला ती आंघोळ वाटायचीच नाही. मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी, दारं-खिडक्या गच्च बंद. कोणी कुरकुरलं की म्हणायची, "गप पड. म्हातारपणी गुडघे धरून माझी आठवण काढशील."

त्र्याऐंशी साली तिची स्वतःचीच लेक, वत्सला, मनमाडहून बाळंतपणाला आली. मुलगी झाली. आता सगुणाबाई हात आखडता घेणार होय? पण महिनाभरात वत्सलाच्या पायांना मुंग्या आल्या, मग ते बधिरच झाले. बाळाला न्हाऊ घालायला ती पाय लांब करून बसली, आईनं बाळ तिच्या पायांवर ठेवलं, आणि बाळाच्या दुपट्याची घडी घालत वत्सला विचारते, "ठेवलंस का गं?"

"वात शिरलाय," सगुणाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून पाणी आणखी कढत, शेगडीत निखारे आणखी. शेक घेऊन उठलं की वत्सलाला समोरचं अंधुक दिसे, पाय लटपटत. "आई, नको गं," ती रडायची. आई ऐकेल तर शपथ!

शेवटी जावई आला आणि दोघींना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तळव्याला टाचणी लावून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, मग विचारलं, "त्रास कधी वाढतो?"

"आंघोळ झाल्यावर," सगुणाबाईच पुढे होऊन बोलली. "अन् शेक घेतल्यावर तर लय..."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "नस म्हणजे विजेची तार समजा. मेंदूतल्या काही पेशी तिच्यावर वेष्टण चढवतात. हिचं शरीरच त्या वेष्टणावर उलटलंय. उघड्या नसेला उष्णता सोसत नाही, निरोप वाटेतच अडतो."

"म्हंजे मीच केलं हे?"

"नाही. आजार तुमच्या पाण्यानं आला नाही. उन्हानं, शेकानं त्रास वाढतो, अंग निवलं की उतरतो. औषधं देतो. थोडंफार वेष्टण पुन्हा चढतंही. पण आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, तयारी ठेवा."

घरी येताच सगुणाबाईनं शेगडीवर तांब्याभर पाणी ओतलं. राख उडाली, तशी ती तिथंच बसून हमसाहमशी रडली. सकाळी तिनं लेकीसाठी कोमट पाणी काढलं, खिडकी उघडली. शेजारची कुसाबाई धावतच आली. "अगंबाई, ओल्या बाळंतिणीला असलं पाणी? वेडबिड लागलं का तुला?"

"वेड लागलं व्हतं, आता उतरलंय. जा तू."

औषधं सुरू होती. वत्सला भिंतीला धरून चालू लागली, पण पायांचं ती काही बोलेना आणि आईला विचारायचा धीर होईना. एका सकाळी वत्सला आपणहून पाय लांब करून बसली. "दे इकडं हिला."

सगुणाबाईनं बाळ ठेवलं आणि हात जवळच धरले. वत्सलाचं लक्ष दुपट्याच्या घडीकडं होतं. बाळानं अंग ताणलं, दोन्ही पाय झाडले.

"आई, लाथ मारली हिनं."

"कुठं?" सगुणाबाईनं विचारलं.

वत्सलानं डाव्या मांडीवर बोट ठेवलं. "इथं. चांगली जोरात मारली."

सगुणाबाईनं हात मागे घेतले आणि पाण्याचा तांब्या लेकीच्या हातात दिला.