बंद मशीन फिरलं तेव्हा

पाना उडून भिंतीवर आदळला तेव्हा लेक वर्कशॉपमध्ये मशीन चालवणाऱ्या कंप्युटरसमोर बसली होती. तिने दचकून मागे पाहिलं. मिलिंग मशीनचा स्पिंडल, म्हणजे कटर धरणारा दांडा, गरगरा फिरत होता आणि बाबा उजवा हात छातीशी धरून, पांढरेफटक पडून उभे होते. चार सेकंदांनी स्पिंडल आपोआप थांबला.

"बोटं?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

त्यांनी मूठ उघडली. पाचही शाबूत. कटरच्या नटावर पाना लावलेला होता, तो हातातून निसटला, म्हणून निभावलं.

"बाबा, कटर बदलण्याआधी थांबवायचं बटण दाबलं नव्हतंत?"

"दाबलं होतं गं." मग खालच्या आवाजात, "दाबलं होतं ना?"

चाळीस वर्षं लोखंड कापताना ज्याने साधं नख गमावलं नव्हतं, तो माणूस तिला विचारत होता.

त्या दिवसापासून बाबांनी मशीनला हात लावला नाही. घरीही नळ बंद केला की नाही, हे ते तीन-तीनदा बघून येत. "माझं डोकं जायला लागलंय," ते आईला म्हणाले. "जायला आधी असावं लागतं," आई म्हणाली. एरवी ते खळखळून हसले असते. आता त्यांनी ताट बाजूला सारलं.

चौथ्या दिवशी लेक वर्कशॉपमध्ये एकटीच होती. कंप्युटर पुन्हा अडकला. जुना जळाल्यावर दोन आठवड्यांपूर्वी बसवलेला हा वापरलेला कंप्युटर सारखा अडकायचा. तिने तो बंद करून चालू केला आणि तेवढ्यात कटर बदलून घ्यावा म्हणून हात पुढे नेला.

स्पिंडल गर्जला. कटर तिच्या बोटांपासून वीतभर लांब होता.

ती जमिनीवरच बसली. वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी नव्हतं, बटणाला कुणी शिवलं नव्हतं. मग एकदम आठवलं: त्या दिवशीही आपण कंप्युटर नुकताच चालू केला होता. बाबांकडे पाठ करून.

तिने आधी मोटरचा प्लग उपटला. कंप्युटर ज्या पॅरलल पोर्टमधून मशीनला हुकूम देतो, त्याच्या तारांना मीटर लावला आणि कंप्युटर चालू केला. पडदा अजून काळाच, आणि काटा टोकाला. चार सेकंदांनी शून्य. अकरा वेळा केलं, अकराही वेळा तेच. मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे त्यात कायमचा भरलेला प्रोग्राम, जागं होताना पोर्टच्या सगळ्या तारांत वीज सोडत होतं, आणि मशीनला तो 'फिर' असा हुकूम वाटत होता. थांबवायचं बटण दाबलं तरी ते फक्त कंप्युटरला निरोप देणार. तो ऐकायला कंप्युटर जागा तर हवा!

तिने बाबांना बोलावून घेतलं आणि बाराव्यांदा करून दाखवलं.

"चूक बोर्डाची आहे. आणि चालू मी केला होता, बाबा."

त्यांनी मीटर हातात घेतला. "म्हणजे मी बटण दाबलेलं असूनही ते फिरलं."

"दाबलं होतंत."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मोटरची वीज थेट तोडणारा, हाताने ओढायचा खटका बसवला. बाबांनी तो खाली ओढला, तपासला आणि कटरकडे हात नेला. लेक कंप्युटरपासून चार पावलं लांब, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. तिला बघवेना. पण तिने डोळे मिटले नाहीत.