पाठीमागची खोगीरभरती

मी उशी बोलतेय. पण माझ्यावर डोकं टेकून आजवर कुणी झोपलेलं नाही, आणि टेकलं असतं तर मान अवघडून घेतली असती. माझ्या पोटात घोड्याचे केस ठासलेले आहेत, अंगावर गाईचं कातडं आहे, आणि माझं सगळं आयुष्य एका बुटक्या बाईच्या पाठीमागे गेलं. विमानात बसून मी अख्खं इंग्लंड फिरले, पण आकाश कसं असतं ते मला विचारू नका. मला दिसायची ती फक्त हेस्टरची पाठ.

हेस्टर ब्रॅमली ही यॉर्कशरमधल्या एका बाजारगावातल्या जीनगराची मुलगी. तिचे वडील एमॉस घोड्यांची खोगिरं करत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ती चोरून विमान चालवायला शिकली, तेव्हा एमॉस तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. बाईमाणसानं जमिनीवर राहावं असं त्यांचं मत होतं. तसं ते पुरुषांबद्दलही होतं, पण पुरुष त्यांना विचारायला येत नसत.

मग लढाई लागली. कारखान्यातून निघालेली विमानं लढणाऱ्यांच्या तळावर नेऊन पोचवायला माणसं पुरेनात, तेव्हा बायकांना बोलावणं आलं. हेस्टर पहिल्या झटक्यात गेली. अडचण एकच होती. विमानाच्या शेपटीचं सुकाणू पायाखालच्या दोन पेडलांनी फिरतं, आणि तिचे पाय तिथवर पुरत नव्हते. सुट्टीत घरी आल्यावर ती हे बोलून गेली. एमॉसनी तिला स्टुलावर बसवलं आणि घोड्याची मोजतात तशी तिची पाठ मोजली. सुट्टी संपायच्या आत मी तयार होते.

“जायचंच आहे तर नीट बसून जा,” एवढंच ते म्हणाले. आमच्याकडचे बाप एवढंच बोलतात.

तळावर माझं स्वागत हसण्यानं झालं. एका पुरुष वैमानिकानं मला दाबून पाहिलं आणि आत खोगिराचा माल आहे हे कळल्यावर म्हणाला, “आपल्याकडे खोगीरभरती चालू होतीच, त्यात ही आणखी एक.” टोमणा मला नव्हता, तिथल्या बायकांना होता. हेस्टर शांतपणे म्हणाली, “माझे वडील गाढवांचीही खोगिरं करतात. जाताना माप देऊन जा.” त्यानंतर माझ्या वाटेला कुणी गेलं नाही.

आणि काय काम करत होत्या हो त्या बायका! आज एका जातीचं विमान, उद्या दुसऱ्या, परवा तिसऱ्या. आयुष्यात कधी न पाहिलेल्या विमानाची माहिती चहाचा कप संपेपर्यंत वाचायची आणि उडायचं. बोलायला रेडिओ नाही, बंदुकीत गोळ्या नाहीत. खाली रेल्वेचे रूळ आणि नद्या बघत वाट काढायची, आणि ढग खाली आले की शहाणपणानं मागे फिरायचं. मागे फिरायलाही धाडस लागतं हे मला तिच्या पाठीवरून कळायचं. पुढे जाताना ती पाठ सैल असायची, वळताना मात्र घामानं भिजायची. एखादी मैत्रीण परत आली नाही की जेवणघरात हवामानाच्या गप्पा जास्त चालत. त्या लोकांची रीतच तशी आहे. रडू आलं की ते पावसाबद्दल बोलतात.

हेस्टरला एकच ध्यास लागला होता. चार इंजिनांची मोठी बॉम्बफेकी विमानं न्यायची. त्याची परवानगी कॅप्टन रडॉक यांच्या हातात होती. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला पक्का. अशा विमानाचं एका बाजूचं इंजिन बंद पडलं की ते त्या बाजूला ओढ घेतं. मग उलट बाजूचं पेडल पायानं पार खाली दाबून धरावं लागतं. तिथे पाय कमी पडला की खेळ खलास.

परीक्षेच्या दिवशी रडॉक तिच्या शेजारी बसले आणि वर गेल्यावर त्यांनी डावीकडचं एक इंजिन बंद केलं. हेस्टरनं उजवा पाय रोवला. जितका जोर पेडलवर, तितकाच पाठीचा जोर माझ्यावर आला. आणि मी दबले. सांगायला लाज वाटते, पण दबले. ती मागे सरकली, पाय दोन बोटं कमी पडला आणि विमानानं मान टाकली. रडॉकनी झटकन इंजिन चालू केलं.

खाली उतरल्यावर ते नरमाईनं म्हणाले, “मिस ब्रॅमली, तुमच्या हातात खोट नाही. पण उंची देवानं ठरवलीय. लहान विमानं तुम्ही झकास नेता, तीच न्या.”

तिनं आणखी एक संधी मागितली. पुढच्या आठवड्यात, पण शेवटची, असं ते म्हणाले. हेस्टर मला काखोटीला मारून गाडीत बसली ती थेट गावी. तिला वाटलं, वडील म्हणतील, बरं झालं. एमॉसनी सगळं ऐकून घेतलं, मला मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं चाचपलं.

“तू नाही कमी पडलीस,” ते म्हणाले. “माझी उशी बसली.”

त्यांनी मला उसवलं. जुने केस पिंजले, त्यात नवे घातले आणि लाकडी ठोकळ्यानं असे ठासले की माझा जीव गुदमरला. मग जाड दाभणानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं, आरपार टाके घातले. तेव्हापासून मी उशी राहिले नाही, ओंडका झाले.

दुसऱ्या परीक्षेत रडॉकनी डावीकडचं एक इंजिन बंद केलं. हेस्टरचा पाय गेला आणि तिथेच राहिला. तेव्हा त्यांनी डावीकडचं दुसरंही बंद केलं. तिचा पाय थरथरत होता, पाठीचा कणा माझ्यात रुतत होता, पण मी तसूभर हलले नाही. विमान सरळ चाललं होतं. दोन्ही इंजिनं पुन्हा चालू करून रडॉक म्हणाले, “तुमच्या वडिलांचा पत्ता द्या. माझ्याकडे अशा आणखी दोघी आहेत.”

त्यानंतर लढाई संपेपर्यंत आम्ही मोठी विमानं पोचवली. एकदा डोंगरावर खरोखरच इंजिन बंद पडलं, तेव्हाही तिनं विमान धड खाली आणलं.

शांतता झाली आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं गेलं. हेस्टर एका हवाई कंपनीत काम मागायला गेली. साहेब म्हणाले, बाई दिसली तर प्रवासी घाबरतील. ती घरी आली, मला वडिलांच्या पाटावर टाकलं आणि म्हणाली, “बाबा, उसवा हिला. केस तरी कामाला येतील.”

एमॉसनी सुरी घेतली. मला उलटंपालटं केलं, उजेडाला धरलं आणि माझ्या झिजलेल्या कातड्यावरून हात फिरवला. मग सुरी खाली ठेवली.

“स्वार कसा आहे ते आम्ही खोगीर बघून सांगतो,” ते म्हणाले. “वाकडा बसणारा एका अंगानं झिजवतो. हे दोन्हीकडून सारखं झिजलंय. सरळ बसलीस, पोरी. एवढी वर्षं, एवढ्या विमानांत, सरळ बसलीस.”

जन्मात पहिल्यांदा तिनं वडिलांच्या तोंडून आपलं कौतुक ऐकलं. ती पाटाशेजारी जमिनीवरच बसली आणि पोटभर रडली, आणि पावसाबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता एमॉस नाहीत. दुकान हेस्टर चालवते, कुत्र्यांचे पट्टे आणि शाळेची दप्तरं शिवते. मी तिच्या खुर्चीत असते. बाबांनो, मला संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात ठेवायला मागू नका. पण तुमच्या माहितीत एखादी बुटकी मुलगी असेल, जिला उडायचंय आणि पाय पुरत नाहीत, तर तिला इकडे पाठवा. हेस्टर तिची पाठ मोजेल, आणि मी जाईन तिच्याबरोबर.