फोडलेल्या काठाचा पाणवठा

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा पाणवठा आहे. माझा काठ एका बाजूने फोडलेला आहे आणि मला त्याचाच अभिमान आहे.

मी राहतो ते अभयारण्य फक्त पाटीवर मोठं दिसतं. एका अंगाला खडीची खाण, दुसऱ्या अंगाला रस्ता, मधल्या गवताची पार दशा झालेली. माणसांनी ओरबाडून जे उरलं, त्यात कुरंगांचा एक छोटा कळप तग धरून आहे. तुम्ही त्यांना हरणं म्हणता; पण यांची शिंगं चितळ-सांबरांसारखी दरवर्षी गळत नाहीत. ओढा आटला तेव्हा ती पाण्यासाठी रस्ता ओलांडू लागली आणि गाड्यांखाली मरू लागली. म्हणून वनरक्षक बाईंनी आपल्या मामांकडून मला बांधून घेतलं.

मामा पट्टीचे गवंडी. त्यांनी मला घोटून घोटून काचेसारखं केलं. साहेब आले, वाहवा करून, फोटो काढून गेले. पाणी कोण भरणार, हे एकानेही विचारलं नाही. बाईच भरत राहिल्या.

एका दुपारी एक पाडस पाण्याला वाकलं आणि घसरून आत पडलं. माझ्या गुळगुळीत भिंतीवर त्याचे खूर ठरेनात. बाईंनी उडी मारली, म्हणून ते वाचलं. मग बाई तडक गेल्या आणि मामांना घेऊनच परतल्या.

“मामा, हा काठ फोडायचा.”

“माझ्या गिलाव्याला आजवर तडा गेला नाही, आणि तू घण मारायला सांगतेस?”

“दुसऱ्या कुणाला बोलावू का मग?”

“दुसऱ्याचा हात लागू देईन होय? आण तो घण. आईवर गेलीस अगदी.”

मित्रांनो, आपलंच उत्तम काम आपल्याच हाताने फोडायला छाती लागते. मामांनी तिथे खरबरीत उतार केला, त्यात दगड रोवले. तो वाळल्यावर दोघं झुडपाआड बसली. कळप आला. तेच पाडस थबकत खाली उतरलं, पाणी प्यालं आणि चालत वर गेलं.

“अडाण्याने बांधल्यासारखा दिसतोय,” मामा पुटपुटले. पण उठायचं नाव घेईनात.

पुढे बाईंची बदली झाली. त्यांची जागा अजून रिकामीच आहे. सहलीला येणारे माझ्यात पिशव्या टाकतात. त्या काढून मामाच आता हातगाडीवरून पाणी आणतात, धापा टाकत.

ते चढावर दिसले, तर फोटो काढू नका. मागून गाडीला हात लावा.