टाकी कधी धुतली?

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत कावीळ शिरली, तेव्हा उम्मेहानीने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरळ विचारलं, "जमिनीखालची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?" तिचा मुलगा तालिब आठवडाभर अंथरुणाला खिळला होता. उत्तर आलंच नाही. दुपारी कोणीतरी तो प्रश्नच पुसून टाकला. तिने तो पुन्हा टाकला, तर तिलाच ग्रुपमधून काढलं.

जिन्यात चेअरमन सर्जेराव भेटले. "मॅडम, ग्रुप शुभेच्छांसाठी आहे. उगाच घबराट नको."

"जाऊ दे, आपण पाणी उकळून पिऊ," नवरा, अमीन, म्हणाला.

"आपण पिऊ. बाकीच्यांचं काय?"

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू होण्याआधी उम्मेहानी सोसायटीची सेक्रेटरी होती. तेव्हा नोटिसा ईमेलने जायच्या, त्यामुळे सगळ्या फ्लॅटमालकांचे पत्ते तिच्याकडे होते. तिने तालिबचा रिपोर्ट जोडला, खाली तोच प्रश्न लिहिला आणि सगळ्यांना एकदम पाठवून दिला.

"आता ईमेल वाचतंय कोण?" अमीनने विचारलं.

वाचत होते. पहिलं उत्तर शेजारच्या मंदाकिनीताईंचं: नातीलाही कावीळ झालीय. तेही सगळ्यांना गेलं. मग मालकांनी ते भाडेकरूंना धाडलं, भाडेकरूंनी आपापल्या डॉक्टरांना. दुबईतले, नागपुरातले मालक खडबडून जागे झाले.

संध्याकाळी सर्जेराव दारात उभे. "तो मेल डिलीट करा."

"माझ्याकडचा करीन. बाकीच्यांच्या घरी जाऊन कोण पुसणार?"

"अहो, चेअरमन मी आहे."

"आहात ना. मग टाकी उघडा."

ते तणतणत गेले. त्याच रात्री बंगळूरहून त्यांच्या मुलीचं, चैतालीचं उत्तर आलं (फ्लॅट तिच्याही नावावर होता), तेही सगळ्यांना: "बाबा, आई तेच पाणी पितेय. टाकी उघडा."

रविवारी टाकी उघडली. शेजारच्या ड्रेनेजचं पाणी भिंतीच्या भेगेतून आत झिरपत होतं. त्या वासाने पुढे झालेली माणसं मागे सरली.

सर्जेरावांनी घसा खाकरला. "मॅडम, तुम्हाला परत ग्रुपमध्ये घेतो."

"नको," ती म्हणाली.

घरी जाऊन तिने भेगेचे फोटो जोडले, सभेची तारीख मागितली आणि मेल सगळ्यांना पाठवला. पत्त्यांत सर्जेरावांचं नाव सर्वांत वर घातलं.